बिनतारी मज्जाव

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांची नियमावली रचणाऱ्या मंडळींचा माझा परिचय नाही. तथापि सामना चालू असता चमूने बाहेरच्या कोणाशीही इलेक्ट्रॉनिक साधनाने संपर्क ठेवू नये, हे ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मधील कलम माझ्यासारखाच कोणी स्वयंघोषित मार्गदर्शक डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले असावे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. भाचीच्या चमूबरोबर मी अलिबागहून निघालो तो प्रेक्षकांत बसून फोनवरून हुकूम सोडण्याच्या जय्यत तयारीनेच. आणि तेथे पोहोचतो तो हॉटस्पॉटसुद्धा बंद ठेवण्याची ताकीद, कारण खासगी वायफायच्या गर्दीत त्याच लहरींवर चालणारे यंत्र भर मैदानात बधिर होण्याचा संभव. गंमत अशी की, 2015 नंतर काही वर्षे या यंत्रांच्या पोटात मेंदू म्हणून चक्क अँड्रॉइड फोनच बसविलेला असे. म्हणजे फोनला मैदानात मानाचे स्थान, मज्जाव काय तो मला!

वास्तविक लहरींचा उपद्रव म्हणजे काय, हे अलिबागकराला कोणी शिकवू नये. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे घाटू लागले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूची विचलित होतील या भयाने वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांचा सारा संसार समुद्रापलीकडे आमच्या गावी हलविला. 1904 साली येथे वेध सुरू झाले, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा बिनचूक जुळावा म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेण्याचा बंदोबस्त झाला. इमारत बांधली तीही लोखंड वर्ज्य करून. पृथ्वीचे म्हणणे ऐकायचे तर मुंबईने गप्प बसावे, आणि ती बसत नसेल तर आपणच दूर जावे, असा हा रोकडा व्यवहार. हा इतिहास मी मांडव्याच्या बोटीत बसल्यापासून गेटवे येईपर्यंत चमूला साद्यंत ऐकविला. मुलांनी पाळलेल्या शांततेने मी सद्गदित झालो होतो. उतरताना कळले, की प्रत्येकाच्या कानांत हेडफोन होते.

सामना अडीच मिनिटांचा. त्यांतील पहिले 30 सेकंद यंत्राने स्वतःच्या बुद्धीने चालायचे. मुलांनी नियंत्रकाला हातही लावायचा नाही. आमचे यंत्र कडेच्या भिंतीला नाक लावून उभे राहिले. कंठावर बंदी घालणारे कलम माझ्या वाचनात नव्हते, सल्लाही ओठांवर आला होता. पण भाचीने वर पाहिलेच नाही. 30 सेकंद संपताच शेजारच्या मुलाशी दोन शब्द बोलून तिने यंत्र मागे घेतले आणि ते कामाला लागले. जिच्या खेळण्यातले सेलसुद्धा कालपरवापर्यंत मी घालून देत असे, त्या पोरीला माझी अडचण भासू नये, याचा मला क्षणभर संताप आला. त्या संतापाच्या तळाशी आणखीही काही होते, आणि ते मी खोकून दडविले.

कलम योग्यच आहे. समस्त मामा, काका आणि मार्गदर्शक यांस विनंती, की फोन घरीच ठेवून यावे. ज्यांच्याने ते होणार नाही, त्यांनी निदान हॉटस्पॉट तरी बंद करावा.