आमचा पाठिंबा हरणाऱ्याला

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी आमचं मत कुणाला, याचा खुलासा करतो. कुणी विचारलेलं नाही. पण रत्नागिरीच्या रामआळीत संध्याकाळी पिशवी घेऊन निघालेला प्रत्येक गृहस्थ न विचारता असा खुलासा करत असतो. तिथे सदर लिहिणाऱ्यानेच गप्प बसणं बरं दिसत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात ही हौस शिगेला पोचली होती. ५ तारखेला अमेरिकेत मतदान, २० तारखेला आपल्या विधानसभेचं. पेन्सिल्व्हेनियात कोण निघणार हे ज्याला त्याला ठाऊक. विधानसभेचं विचारलं की मात्र "बघू, अजून ठरवलं नाही" म्हणत मंडळी चपला शोधू लागायची. नगरपरिषदेचा तर प्रश्नच नव्हता. २०२१च्या अखेरीस मुदत संपली आणि पुढचं मतदान थेट २०२५च्या डिसेंबरात. मधली चार वर्षं प्रशासक. ज्या शहराला स्वतःचा नगराध्यक्ष निवडायला मिळत नव्हता, त्याने अमेरिकेचा निवडून हात मोकळा केला तर बिघडलं कुठे? शिवाय त्यात जोखीम नाही. ट्रम्पना पाठिंबा दिला म्हणून कुणी नळजोडणी अडवत नाही, आणि हॅरिसबाईंना दिला म्हणून पतपेढी कर्जाचा अर्ज खालच्या खणात टाकत नाही.

आमची पहिली पसंती अर्थातच श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले, डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले आणि २०२५ साली ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची कलमं घेऊन उभे राहिले. मराठी माणसाने आणखी काय करायचं? पण तिकडची राज्यघटना म्हणते, अध्यक्ष जन्मानेच अमेरिकन हवा. बेळगावात जन्म काढलेल्यांचा प्रश्न १९५६ पासून इथेच सुटलेला नाही, तो वॉशिंग्टनला काय सुटणार! ते नाव खोडलं.

मग पक्ष बघून ठरवावं, तर दोन्ही पक्ष आमच्या जिल्ह्याने अंगावर घेऊन पाहिलेत. गुहागर तालुक्यात एन्रॉन ही अमेरिकी वीजकंपनी आली तो सामंजस्य करार जून १९९२चा. तेव्हा तिकडे थोरले बुश. वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३चा, तोवर क्लिंटन आले होते. पक्ष बदलला, पण अंजनवेल-वेलदूरवरची माया तसूभर कमी झाली नाही. क्लिंटन यांच्या काळात अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थांनी प्रकल्पाला कर्ज दिलं. १९९५ साली मनोहर जोशींच्या सरकारने प्रकल्प रद्द केला. अरबी समुद्रात बुडवायचाच म्हणे. आमचा समुद्र उथळ असावा, कारण वर्षभरात तो आणखी मोठा होऊन वर आला. त्या काळातले अमेरिकी राजदूत फ्रँक विस्नर १९९७ साली पद सोडून गेले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर बसले.

मग आली २०००ची निवडणूक. देशभरात सुमारे साडेपाच लाख मतं अल गोर यांना जास्त, पण फ्लोरिडात ५३७ मतं धाकट्या बुशना जास्त, म्हणून अध्यक्ष बुश. एन्रॉनचे केनेथ ले त्यांचे जुने देणगीदार. इकडे वीज मंडळाने एन्रॉनचं बिल थकवलेलं. २००१च्या जूनमध्ये सोनिया गांधी अमेरिकेत गेल्या, तर उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्यापाशी या थकबाकीचा विषय काढला. आमचं बिल थकलं तर वायरमन येतो, शिडी लावतो आणि काम करून निघून जातो. एन्रॉनचं थकलं तर महासत्तेचा उपाध्यक्ष. तरी वसुली झाली नाही ती नाहीच. २ डिसेंबर २००१ला एन्रॉननेच दिवाळं काढलं.

आता आंबा. १९८९ पासून अमेरिकेत आपल्या आंब्याला बंदी होती. फळमाशी आणि कोयीतला भुंगा ही कारणं. मार्च २००६मध्ये बुश दिल्लीत आले आणि एकाच भेटीत अणुकरार आणि आंबा दोन्ही मार्गी लावून गेले. २००७पासून हापूस आधी कांद्याच्या लासलगावला जाऊन गॅमा किरण खाऊ लागला आणि मग अमेरिकेला रवाना होऊ लागला. त्याच अणुकराराने परदेशी अणुभट्ट्यांना दार उघडलं, आणि फ्रेंच भट्ट्यांसाठी जागा कुठली नक्की झाली? राजापूर तालुक्यातलं माडबन. ९९०० मेगावॉट, अजून कागदावर. आंब्याचं निर्जंतुकीकरण झालं, बागायतदार तेवढे बाकी आहेत.

ट्रम्प यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. २०१९ला ह्यूस्टन, २०२०ला अहमदाबाद, हातात हात घालून फेऱ्या झाल्या. मिरकरवाडा बंदरापर्यंत लोक खूश. मे २०२५मध्ये वाशीहून किरण खाऊन गेलेल्या आंब्याच्या निदान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. आंबा चोख होता, कागद नासका निघाला. परत आणणं परवडेना, म्हणून तिथेच नष्ट केला. २७ ऑगस्टला भारतीय मालावरचं अमेरिकी आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं. रशियाचं तेल घेतलं दिल्लीने, दंड कोळंबीला.

एवढा अनुभव गाठीशी असल्यावर आम्ही धोरण ठरवलं आहे: पाठिंबा जो हरेल त्याला. गोर, केरी, मॅकेन, रॉम्नी, हिलरी, कमला हॅरिस. यांतल्या एकाने तरी आमच्या किनाऱ्यावर प्रकल्प पाठवला? आंबा अडवला? कोळंबीवर डोळा ठेवला? खुद्द ट्रम्प २०२०ला हरले, तर पुढची चार वर्षं इतके सज्जन वागले की आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. उलट जिंकलेल्या बायडनसाहेबांच्या राज्यात २०२१चा हंगाम कोरडाच गेला, कारण साथीमुळे अमेरिकेचा निरीक्षक तपासणीला येऊ शकला नाही. कोकणाला हरलेल्या अमेरिकन उमेदवाराइतका निरुपद्रवी हितचिंतक दुसरा नाही. २०२८साठीही आमचा पाठिंबा पक्का आहे. नाव ७ नोव्हेंबरची मतमोजणी आटोपली की जाहीर करू.

हेच धोरण इथल्या निवडणुकीत का वापरत नाही, असं एका वाचकाने विचारलं. वापरून पाहिलं हो. पण आपल्याकडे हरलेला उमेदवार आठ दिवसांत जिंकलेल्याच्या पक्षात जातो, आणि आमचं मत आम्हाला न विचारता सत्तेत जाऊन बसतं.