आधी उजवं दार

आमच्या घरात खातेवाटप केव्हाच झालेलं आहे. अर्थ, गृह आणि परराष्ट्र (म्हणजे तिचं माहेर) ही खाती बायकोकडे. माझ्याकडे एकच खातं, ‘न उघडणाऱ्या वस्तू’. लोणच्याच्या बरणीचं झाकण, पावसाळ्यात फुगून बसलेली खिडकी, नव्या सिलिंडरच्या तोंडावरचं ते प्लॅस्टिकचं बूच, असा कारभार. बरणी माझ्याकडे आली की मी आधी तिच्याकडे जरा वेळ नुसता बघतो, मग बाह्या सरसावतो. अंगात बनियन असलं तरी सरसावतो. झाकण बहुतेक वेळा बायकोनंच अर्धंअधिक सैल करून आणलेलं असतं, पण त्यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

या कारकिर्दीला कंटेनरनं सुरुंग लावला.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ रत्नागिरीवरून गेलं ते आमच्या मांगराची अर्धी कौलं घेऊनच. उरलेला मांगर वाळवीच्या नावावर होताच. आंब्याच्या बागेत सामान किती असतं हे बागायतदाराला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. फवारणीचे पंप, पाईपांची वेटोळी, ताडपत्र्या, क्रेट, झेले, पेट्यांच्या फळ्या, आढीचा पेंढा. बायको म्हणाली, पुन्हा कौलं घालू. मी म्हटलं, छे! दर्यावर फिरलेला, वीस फुटी, पोलादी कंटेनर आणू. ना वाळवी, ना उंदीर, ना वादळ. तो कळंबोलीहून ट्रेलरवर निघाला, आमच्या पाखाडीच्या तोंडाशी अडकला आणि शेवटी हायड्राला लटकून, वाटेतली एक फांदी सोबत घेऊन बागेत उतरला. सगळी वाडी बघायला जमली होती. एवढी माणसं माझ्या लग्नालाही नव्हती.

त्यानंतर बागेत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा, मी माल्कम मॅक्लीनची कथा ऐकवू लागलो. हा अमेरिकेतला ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ ला त्यानं ‘आयडियल एक्स’ नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ पेट्या चढवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला रवाना केल्या. हमालांकरवी माल चढवायला तेव्हा टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडायचे, ते या पेट्यांमुळे १६ सेंटांवर आले. जगाचा व्यापार बदलला, गोद्या ओस पडल्या, आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावाशेवा उभं राहिलं. “आणि त्या साखळीतली एक कडी आज आपल्या बागेत आहे,” असं मी शेवटी म्हणायचो आणि कंटेनरवर थाप मारायचो. मीटरवाला म्हणायचा, “छान आहे. जरा उघडून दाखवा ना.”

इथं कथेला वेगळं वळण लागायचं.

कंटेनरचं दार म्हणजे दोन कवाडं. दर कवाडावर वरपासून खालपर्यंत दोन उभे दांडे. दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कान असतात, ते चौकटीवरच्या खोबणीत अडकतात. मूठ फिरवली की दांडा फिरतो, कान खोबणीतून सुटतो आणि सुटता सुटता चौकटीला रेटा देऊन कवाड बाहेर लोटतो. कवाडाच्या कडेनं जाड रबर, पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून दाबून बसवलेलं. त्यात उजवं कवाड डाव्यावर थोडं चढतं, म्हणून उजवं उघडल्याशिवाय डावं उघडतच नाही. हे एकदा कळल्यावर मी पाहुण्यांना आधी डावं उघडायला देऊ लागलो. मुंबईचा पाहुणा, जिमला जाणारा, लाल होईपर्यंत ओढतो. मग मी म्हणतो, “असू दे, सवयीचा प्रश्न आहे,” आणि उजव्याकडे वळतो. अडचण एवढीच की उजवंही उघडत नसे.

मी तेल पाजलं. ग्रीस चोपडलं. मुठीवर दोन हात लांबीचा पाईप चढवून लोंबकळलो. टॉमी लावली, पहार लावली. आमच्या राखणीला एक नेपाळी कुटुंब आहे. त्यातली वहिनी, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी, सकाळी येते, एका कवाडाच्या दोन्ही मुठी एकदम धरते, अंगाचा भार टाकून वळते आणि दार उघडते. मी एकेका मुठीला स्वतंत्रपणे हरवायला बघत होतो. तरी भर पावसाळ्यात तीही थकली. दोन्ही कवाडं अशी आवळली की फावडं हवं असलं तर शेजाऱ्याकडून आणावं लागे. माझीच तीन फावडी आत सुखरूप होती. वादळ, वाळवी, उंदीर यांच्यापासून आणि माझ्यापासूनही.

या हट्टाचं कारण दारावरच लिहिलेलं आहे. डाव्या कवाडाला एक छोटी पाटी ठोकलेली असते. सुरक्षित कंटेनरांसाठी १९७२ मध्ये देशादेशांचा करार झाला, त्यानुसार ती लावावी लागते. माझ्या पाटीवर म्हटलंय की याच्या डोक्यावर १९२००० किलो रचा, हरकत नाही. खाली दुसरा आकडा आहे, १५२४० किलो. कंटेनरला बाजूनं एवढा रेटा दिला तरी तो तिरका होता कामा नये. भर समुद्रात जहाज कलतं तेव्हा वर रचलेल्या पेट्या खालच्या पेटीला कलंडवायला बघतात. तिला तीन बाजूंनी पन्हळी पत्र्याची भिंत आहे. चौथ्या बाजूला दार, म्हणजे तिथली भिंत दारानंच व्हायचं. म्हणून ते चौकटीला असं कवटाळून बसतं. उघडायचं ते सफरीच्या शेवटी, तेही बंदरातल्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी. दर सकाळी कुणी झेला घ्यायला येईल, हे त्याच्या जन्माच्या वेळी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेवटी गवंडी आला. त्यानं दाराकडे बघितलंसुद्धा नाही. पारदर्शक नळीत पाणी भरलं, पाणसळ धरून चारही कोपरे पाहिले आणि म्हणाला, “भाऊ, मागचा कोपरा खचलाय.” पावसानं तांबडी माती बसली होती, बोटभरच. तेवढ्यानं चौकट तिरकी झालेली आणि कवाडं त्यात चिणलेली. मी दाराला तेल पाजत होतो आणि दुखणं पायात होतं. जॅक लावून कोपरा उचलला, खाली पक्का चिरा आणि लोखंडी पट्टी सारली. दार निम्म्यानं हलकं झालं. जमिनीवर कंटेनर ठेवणाऱ्यानं ग्रीसच्या डब्याआधी पाणसळ आणावी, एवढं ज्ञान मी फुकट वाटायला तयार आहे.

पण निम्मं हलकं म्हणजे निम्मं जड. पुढचे उपाय मी वहीत मांडले. प्रत्येक कवाडावरचा एकेक दांडा काढून टाकणे. रबर छाटणे. कवाडंच उतरवून दुकानासारखं शटर बसवणे, जे आमच्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत गंजून कंटेनरच्या दारालाही लाजवील. परदेशात या मुठींना अडकवून ओढायचे खास दांडे विकत मिळतात म्हणे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं आंबा देठासकट, न आपटता उतरावा म्हणून नूतन झेला काढला. हात कुठवर पोचतो, मान किती दुखते, सगळं बघून केलेलं हत्यार. मग दारच तेवढं हात न बघता का करतात?

आता आमच्या जुन्या घराच्या दाराबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. बायको म्हणते की मला कुठल्याही विषयावरून त्या दाराशी पोचता येतं. पोचतो. फणसाच्या फळ्यांचं दार, बिजागरी नाहीच. कवाडाच्या वरखाली लाकडाचेच खुंट, ते चौकटीच्या भोकांत फिरायचे. आणि आतल्या अंगाला आगळ. भिंतीच्या पोटात हातभर रुंदीचं चौकोनी बीळ, त्यात एक घडीव वासा दिवसभर झोपून असायचा. तिन्हीसांजेनंतर आजी दोन बोटांनी तो बाहेर ओढायची, तो दारावरून सरकत पलीकडच्या भिंतीतल्या खाचेत जाऊन बसायचा. आधी लांब घसरल्याचा आवाज, मग ठक्क. तो ठक्क ऐकल्याशिवाय आम्हा पोरांना झोप यायची नाही. वासा माझ्या आताच्या वजनाचा असेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी असा गुळगुळीत झालेला की कुणीही ओढावा. बाहेरून चार पहिलवान आले तरी हलणार नाही आणि आतून म्हाताऱ्या बाईनं दोन बोटांनी सरकवावा, याला मी दार म्हणतो.

तसंच किल्ल्यांचं. महादरवाजा उघडायचा तो पालखीला, हत्तीला, फौजेला. रोजच्या ये-जेसाठी त्याच कवाडात छोटी दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला बघा. अंगभर हत्तीला भिववणारे खिळे आणि त्यातच माणसापुरती दिंडी. शिरणाऱ्यानं वाकायचं, एकेकट्यानं यायचं. मित्र असेल तर नमस्कार होतो, शत्रू असेल तर मान आयती मिळते. आपल्या लोकांना मोठं दार आणि रोजचं दार यातला फरक अठराव्या शतकात कळत होता. (इथं माझं व्याख्यान साधारण चहा गार होईपर्यंत चालतं.)

कंटेनर आल्यावर सगळ्यांनी किंमत विचारली. आईनं विचारली नाही. ती ऐंशीच्या पुढची, गवंडी येऊन गेल्यावर एक दिवस काठी टेकत आली, भोवतीनं फिरली, पाटीवर हात फिरवला आणि म्हणाली, “चांगला आहे हो. पण आतून कसा उघडायचा?”

“आतून कशाला उघडायचा, आई? आत सामान असतं.”

“सामान ठेवणारा असतो ना आत.”

मी हसलो. रात्री मात्र बॅटरी घेऊन गेलो आणि उघड्या कवाडाची आतली बाजू पाहिली. सपाट पत्रा. कडी नाही, मूठ नाही, बोट अडकवायला जागा नाही. वर कोपऱ्यांत चार बोटं रुंद झरोके, तेवढीच हवा. राखणदाराचा धाकटा दुपारचा याच पेंढ्यात लोळायला येतो, थंड लागतो म्हणून. शीतगृहाच्या खोलीला आतून दाबायची कळ असते. इथं ती नसते, कारण हे दार मालासाठी आहे आणि मालाला घुसमटत नाही. २०१९ मध्ये इंग्लंडात एसेक्स इथं एका बंद ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं गुदमरून मेलेली सापडली, ती बातमी मी तेव्हा सकाळच्या चहाबरोबर वाचून बाजूला ठेवली होती. आमच्या रत्नागिरीला खरं तर बाहेरून लागलेलं दार नवं नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथंच होता. त्याला राजवाडा दिला, खिडक्या दिल्या, समुद्र दिसेल अशी टेकडी दिली. कडी तेवढी इंग्रजांच्या हातात राहिली.

त्या रात्री मी दोन्ही कवाडं सताड उघडून तारेनं बांधून ठेवली. भिजू दे पेंढा.

दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावला. त्याला मी आधी आगळ समजावली, मग दिंडी, मग दिल्ली दरवाजा, हत्ती, खिळे. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे भाऊ, बाथरूमच्या दाराएवढं ना?”

तेवढंच. सावलीच्या बाजूचा पन्हळी पत्रा त्यानं कापला, कापलेल्या जागेला चौकोनी पाईपची चौकट घट्ट वेल्ड केली, वर पागोळीची पट्टी दिली. मापं आईनं दिली. उंबरठा नको, गुडघा दुखतो. मूठ इथं हवी, म्हणून तिनं उभ्या उभ्या आपला हात जिथं गेला तिथं खडूनं खूण केली. आत-बाहेर दोन्हीकडे मूठ, कडी आतल्या बाजूला, कुलूप बाहेर. आणि काम चालू असताना कुलूप काढून खुंटीला लावायचं, हा नियमही तिचाच. वेल्डरला तिनं बजावलं की ही कडी पोराला उघडता आली पाहिजे. त्यानं राखणदाराच्या धाकट्याला बोलावून उघडायला लावली. मग तीच बसवली.

दार झाल्यावर आई आत गेली आणि आम्ही काही बोलायच्या आत कडी लावली. बाहेर मी, बायको, वेल्डर, नेपाळी वहिनी. वेल्डर नकळत पुढं सरकला. कडी वाजली, दार उघडलं, आई बाहेर आली. “ठीक आहे. पण उकडतंय आत. एक खिडकी करा.” वेल्डरनं खिशातून मापाची टेप काढली.

निघताना त्यानं मोठ्या दाराकडे बोट दाखवलं. “हे आता कायमचं बंद करून टाकू? चार टाके मारतो. नाहीतरी वापरणार कोण?”

“नको,” मी घाईनं म्हणालो. “मे महिन्यात मुंबईची मंडळी येतात.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. “डावं दार मोकळं ठेवा हो यांच्यासाठी,” ती वेल्डरला म्हणाली, “आणि उजव्याला जरा तेल घालून जा.”