आता बोलायला मोकळी!

"काय गं, रोज सकाळी डबा घेऊन सॅन होजेला जातेस, संध्याकाळी दमून येतेस आणि विचारलं की म्हणतेस, सांगता येत नाही. हेरखात्यात लागलीस की काय?"

काकूंचा हा प्रश्न मी बरेच दिवस चुकवत होते. काकू मूळच्या गिरगावच्या, ऐंशी ओलांडलेल्या. सहा महिन्यांसाठी मुलाकडे सनीवेलला आल्या आहेत. आमच्या दोन घरांमधल्या लाकडी कुंपणाची एक फळी निखळलेली आहे. ती बसवायचं दोन्हीकडचे पुरुष अधूनमधून बोलतात, पण आम्ही दोघी ते होऊ देत नाही. मधल्या काळात मात्र मी त्या फळीकडे फिरकलेच नव्हते. शेवटी काल संध्याकाळी गेले आणि म्हटलं, "काकू, विचारा काय ते. मी ज्यूरीवर होते. खटला संपला. जज्जबाईंनी आभार मानले आणि म्हणाल्या, आता कुणाशी बोलायचं असेल तर मोकळ्या आहात."

"म्हणजे इतके दिवस कोर्टाने तुला गप्प बसवलं होतं? तुला?"

"मलाच. रोज कोर्ट उठताना तीच ताकीद. नवऱ्याशी बोलायचं नाही, शेजारणीशी नाही, गूगलवर शोधायचं नाही, ती जागा बघायला गाडी काढून जायचं नाही. बरोबर बसलेल्या अकरा जणांशीसुद्धा खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. साक्षीपुरावे संपून सगळं आमच्या हाती देईपर्यंत जेवणाच्या सुट्टीत आम्ही नुसते हवापाण्यावर बोलत होतो."

"अगो बाई! आणि तुलाच का धरलं?"

"सगळ्यांनाच धरतात. मतदारयादीतून, ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नावं निघतात. टपालाने समन्स येतं. नागरिक असलं की झालं. ग्रीन कार्डवाल्यांना बोलावत नाहीत. समन्सवर गटाचा नंबर असतो, आदल्या संध्याकाळी बघायचं की उद्या आपल्या गटाला जायचंय का. बहुतेक लोक एक दिवस तिथल्या मोठ्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतात आणि संध्याकाळी घरी येतात. एवढ्यावर वर्षभराची सुटका. माझं नाव मात्र पुढे पुढे जात राहिलं."

"पैसे देतात का?"

"पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजचे पंधरा डॉलर, वर थोडं पेट्रोलचं."

"पंधरा डॉलर! परवा त्या उडप्याकडे मसाला डोसा खाल्ला, तो त्याहून महाग होता."

"म्हणून तर डबा नेत होते. आणि नोकरीवरून काढता येत नाही मालकाला, पण पगार द्यायलाच हवा असंही नाही. माझी कंपनी देते. माझ्या शेजारी एक बाई होती, घरं साफ करण्याचं काम करणारी. तिने जज्जला सांगितलं की एक आठवडा बुडला तर भाडं थकेल. जज्जने सोडलं तिला."

काकूंनी कढीपत्त्याची कुंडी बाजूला सरकवली आणि स्टूल पुढे ओढलं. "हं, आता मूळ गोष्ट सांग. खून होता का?"

"नाही हो. दारू पिऊन गाडी चालवल्याचा."

काकूंचा चेहरा पडला. पण त्या उठल्या नाहीत.

"खटल्याच्या आधी माणसं निवडतात, तेच मला जास्त लक्षात राहिलं. साठेक जण भरलेलं कोर्ट. चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर पुकारतात. नाव नाही, नंबर. मग जज्ज आणि दोन्ही वकील विचारतात. घरात कुणाला दारूचं व्यसन होतं का? नात्यात पोलीस आहे का? पोलिसाचा शब्द इतरांपेक्षा जास्त खरा मानाल का? आणि काकू, माणसं उत्तरं देतात. ओळख ना पाळख, पण सगळ्यांसमोर. एका बाईने सांगितलं, माझा भाऊ एका दारुड्याच्या गाडीखाली गेला. एक म्हातारा म्हणाला, मीच वीस वर्षं प्यायचो. त्या बाईला जज्जने हळूच सोडलं. एक जण म्हणाला, पोलिसावर माझा मुळीच विश्वास नाही. त्यालाही नारळ. मग दोन्ही वकिलांना कारण न सांगता काही लोक काढता येतात. एकेकाचे आभार मानून त्यांना दाराबाहेर पाठवतात, आणि उरलेले आपण एकमेकांकडे बघतो की आपल्याला का ठेवलं असेल!"

"तुला का ठेवलं?"

"काय माहीत! मला विचारलं, तुम्ही दारू पिता का? म्हटलं नाही. मग पिणाऱ्यांबद्दल राग आहे का? म्हटलं, लग्नात नवरदेवाचे मित्र पितात त्यांच्याबद्दल थोडा आहे. वकील हसले. दोघांनीही ठेवलं."

काकू हसून हसून खोकल्या. "मग? प्यायला होता का तो?"

"थांबा हो. एक मुलगा, तिशीचा. रात्री बारमधून निघाला, मागचा एक दिवा बंद होता म्हणून पोलिसाने थांबवलं. श्वासाला वास आला. ठाण्यावर नेऊन फुंकायला लावलं. इथे ०.०८ पासून गुन्हा. दोनदा फुंकावं लागतं, आणि दोन आकड्यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक चालत नाही. याचे आले ०.०८ आणि ०.०९. आरोप दोन. एक, दारूच्या अमलाखाली गाडी चालवली. दुसरा, चालवताना रक्तात ०.०८ किंवा जास्त होतं. सजा काय होईल याचा विचार आम्ही करायचाच नाही, ते जज्जचं काम."

"मग आकडाच आलाय की. पुढे काय वाद?"

"वाद असा, की फुंकला तो गाडी थांबवल्यानंतर साधारण तासाभराने. शेवटची बिअर निघता निघता प्यायला होता. बचावाचा तज्ज्ञ म्हणाला, दारू रक्तात चढायला वेळ लागतो, गाडी चालवत होता तेव्हा आकडा कमी असणार. सरकारी बाजू म्हणाली, तीन तासांच्या आत नमुना घेतला की गाडी चालवतानाही तेवढंच होतं असं मानता येतं. जज्जबाईंनी समजावून दिलं की मानता येतं, पण मानलंच पाहिजे असं नाही. आणि वाजवी शंका उरली तर निर्दोष."

"मग तुमची ती खोली. अमोल पालेकरच्या पिक्चरसारखी. 'एक रुका हुआ फैसला'."

"त्यात पालेकर नव्हते, काकू. बासू चॅटर्जींचा होता तो. पण खोली तशीच. लांब टेबल, बारा खुर्च्या, मोबाइल आधीच जमा. पिक्चरसारखा घाम मात्र नाही, एसी इतका की मी शाल घेऊन जात होते. आधी एक फोरपर्सन, म्हणजे आमची प्रमुख, निवडली. हिशेबनीस होती. चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या आरोपावर आठ-चार. मग पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा मागवलं. पोरगा नीट उभा, नीट बोलतोय, गाडीही सरळ चालवत होता. चार जणांचं मत बदललं. बाराच्या बारा म्हणाले, अमलाखाली होता हे सिद्ध झालेलं नाही."

"आणि दुसरा?"

"अकरा-एक."

"हाय! एक कोण?"

"एसी दुरुस्त करणारा मुलगा. दोन्ही हात टॅटूने भरलेले. निवडीच्या वेळी मला वाटलं होतं हा झोपा काढणार. तो म्हणाला, मी दिवसभर मीटर लावतो. मीटर आत्ता काय दाखवतो ते सांगेन, तासापूर्वी काय होतं ते गिऱ्हाइकाला छातीठोक सांगणार नाही. आम्ही अकरा जण त्याच्या मागे लागलो. एक निवृत्त शिक्षिका तर चांगलीच चिडली. तो चिडला नाही. कोर्टाच्या रिपोर्टरकडून तज्ज्ञाची साक्ष पुन्हा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकरा-एक ते अकरा-एक."

"तू कुठे होतीस?"

"अकरांत."

"मग त्याला गप्प बसवायचं! अकरा म्हणजे झालं की."

"नाही ना, फौजदारी खटल्यात इथे बाराही जणांचं एकमत लागतं. दिवाणीत बारापैकी नऊ पुरतात. आणि जज्जने आधीच बजावलं होतं की दुसऱ्यांचं ऐका, पण नुसतं बाकीचे वेगळं म्हणतात म्हणून स्वतःचं मत सोडू नका. शेवटी जज्जने बोलावून विचारलं, आकडे कसे आहेत तेवढे सांगा, कुठल्या बाजूला किती ते सांगू नका. अकरा-एक. आणखी वेळ दिला तर उपयोग होईल का? फोरपर्सन म्हणाली, नाही. मग पहिल्या आरोपातून सुटका आणि दुसऱ्यावर ज्यूरी अडकली. त्याचा खटला पुन्हा चालवायचा की सोडून द्यायचा हे सरकारी वकील ठरवणार."

काकू फळीवर हात ठेवून बघत राहिल्या. "म्हणजे इतके दिवस जाऊन निकालच नाही?"

"अर्धा आहे."

"आणि तो प्यायला होता की नव्हता?"

"प्यायला होता. किती, ते ठाऊक नाही."

"आमच्या गिरगावात असं नव्हतं हो. नानावटीचा खटला चालला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. १९५९. आमच्या बाबांकडे ब्लिट्झ यायचं. चार आण्यांचं ब्लिट्झ दोन रुपयांना विकलं जात होतं. बाबा वाचून गादीखाली ठेवायचे आणि आम्ही बहिणी गादी उचलून वाचायचो. नौदलातला देखणा अधिकारी, बायको इंग्रज, तिचं त्या आहुजाशी. तीन गोळ्या. आणि सगळ्या चाळीचा वाद त्या टॉवेलवर!"

"कुठल्या टॉवेलवर?"

"अगं, आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला. दोघांची झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या, असं नानावटीचं म्हणणं. मग झटापटीत कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही, हा सरकारी वकिलाचा सवाल. आमच्या मजल्यावरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना टॉवेल गुंडाळायला लावून बघत होत्या म्हणे. रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तूल, अशी खेळणी विकायला होती. ज्यूरीने सोडला. आठ-एक. टाळ्या!"

"पण काकू, जज्जने ते मानलं कुठे? मेहता जज्जांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली."

"आणि १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल होत्या, त्यांनी माफी दिली. मग गेला कुटुंब घेऊन कॅनडाला. मला सगळं पाठ आहे." काकू थबकल्या. "पण त्या आठ-एकमधला एक कोण होता, हे कधी मनातच आलं नाही. ज्याला त्याला त्या आठांचंच कौतुक."

"आणि जज्ज, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, तिघांनी त्या एकाचंच खरं ठरवलं."

"खरंच की गं." काकूंना हे फार आवडलेलं दिसलं. मग लगेच त्यांनी पुढचं काढलं. गिरगावच्या माणसाला टिळक आठवल्याशिवाय चालत नाही. "टिळकांच्या खटल्यात बघ. १८९७ ला नऊ जणांची ज्यूरी, सहा युरोपियन, तीन आपले. निकाल सहा-तीन. १९०८ ला सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात-दोन. मंडालेला सहा वर्षं. आणि शिक्षा देणारे दावर जज्ज कोण? १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून देणारे तेच!"

"तिथे बहुमत चालत होतं ना. सातांनी त्या दोघांना काही पटवायची गरजच नव्हती. मत मोजलं की संपलं. आम्हाला त्या टॅटूवाल्याला पटवावं लागत होतं, आणि पटवायचं म्हणजे आधी तो काय म्हणतोय ते ऐकावं लागत होतं. खरं सांगू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला त्याचं पटलं नव्हतं, पण माझं स्वतःचं मत नेमकं कशावर उभं आहे ते पहिल्यांदा कळलं. घरी एकमत म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं, इतकीच सवय मला."

"आपल्याकडे ज्यूरी नानावटीमुळेच गेली ना?"

"सगळे तसंच म्हणतात. पण ती त्यानंतरही काही ठिकाणी होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा उरली नाही. मुंबईत अजून एक धागा आहे बरं का. पारशांचे घटस्फोटाचे दावे हायकोर्टात चालतात, त्यात जज्जबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात."

"तरीच! आमच्या समोरच्या अग्यारीतले एक बावाजी कोर्टात जायचे, आम्हाला वाटायचं त्यांचाच काही दावा आहे." काकूंनी मागे वळून घराकडे हाक मारली. "अरे, ते फ्रिजवर लावलेलं कोर्टाचं पाकीट आण रे जरा!"

मुलगा आतून म्हणाला, "आई, मी कळवणार आहे त्यांना. तू घरी एकटी असतेस म्हणून."

"माझं नाव पुढे केलंस तर याद राख! गिरगावात जन्मभर एकटी राहिले, इथे दोन दिवसांत काय मरते? जायचं. आणि पटलं नाही तर दहा जणांनी डोळे वटारले म्हणून मान हलवायची नाही." मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आईला सांगितलेलं चालतं का गं मधेमधे?"

"नाही चालत, काकू. आईला नाही, बायकोलाही नाही."

"मग माझं तिकीट पुढे ढकलायला सांगते. त्याला निवडलंच, तर खटला संपल्याशिवाय मी काही मुंबईला जात नाही."