उंटावरून तट्टू हाकणाऱ्या बाई

घोडा पाळणं हे श्रीमंतांचं काम, असं आपल्याला वाटतं. इंग्लंडातही ते खोटं नाही. फक्त तिथल्या मध्यमवर्गाने त्यातून एक पळवाट काढलीय, तिला 'लोन' म्हणतात. बँकेचं नव्हे. ज्यांची मुलं उंच झाली आणि तट्टावर बसली की पाय जमिनीला लागायला लागले, ते लोक तट्टू विकत नाहीत. दुसऱ्याच्या मुलाला वापरायला देतात. बहुतेकदा एक पेनीही न घेता. चारा, तबेल्याचं भाडं, दर सहा-आठ आठवड्यांनी येणारा नालबंद, डॉक्टर, विमा, हे सगळं घेणाऱ्याने बघायचं. मालकिणीने फक्त मालकीण असायचं.

हे काम सोपं वाटतं, पण काही बायका त्यात जीव ओततात.

माझी एक मैत्रीण मूळची नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीपायी सॉमरसेटमध्ये असते. तिच्या लेकीला असंच एक तट्टू मिळालं. वेल्श जातीचं, बारा हात उंच. तिकडचा हात चार इंचांचा, म्हणजे खांद्यापर्यंत चार फूट. नाव बिस्किट. थेलवेल नावाच्या व्यंगचित्रकाराने 'पंच' साप्ताहिकात जी गोलमटोल, बेरकी डोळ्यांची तट्टं काढली, त्यांतलंच एखादं कागदावरून उतरून शेतात आलं असावं असं ते दिसतं. आणि त्याच्या मालकीणबाई दुबईला.

बाईंच्या फोनवर दुबईचं हवामान दिसत नाही, सॉमरसेटचं दिसतं. बाहेर चाळीस अंश तापमान, आत एसी लावलेला, अशा खोलीतून त्या संध्याकाळी संदेश पाठवतात : 'आज रात्री तिकडे पाच अंश. दोनशे ग्रॅमची झूल घाला.' तिकडे झुलीच्या आतल्या भरावाचं वजन ग्रॅममध्ये मोजतात, आपण गोधडीचं मोजत नाही एवढंच. मैत्रीण शेतात जाऊन झूल घालते. सकाळी ऊन पडतं, बिस्किट घामेघूम. मग दुसरा संदेश : 'झूल काढली ना?'

वसंतातलं कोवळं गवत अशा तट्टांना विषासारखं असतं. त्यात साखर जास्त. हावरटासारखं खाल्लं की खुरांच्या आत दाह होतो, जनावर लंगडतं, कधी कायमचं जातं. म्हणून मैत्रिणीने बिस्किटला मुसकं बांधलं. मळणीच्या बैलाला आपल्याकडे बांधतात तसंच, फक्त याला गवताची चार पाती चाखता यावीत म्हणून खाली भोक. हौसेने फोटो पाठवला. दुबईत आकांत झाला. 'बिचाऱ्याचा छळ का चालवलाय?' तज्ज्ञांचं मत, डॉक्टरांची चिठ्ठी, कशाने बाई बधेनात. अखेर नालबंदानेच फोन हातात घेऊन दोन शब्द सुनावले. तिकडे १९७५ च्या कायद्याने नालबंदाला नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असावं. नाहीतर फोनमधून त्याचा आवाज फारच खणखणीत गेला असेल.

खरं घोडं अडलं ते तबेला बदलायच्या वेळी. जुन्या तबेल्याच्या मालकाने जमीन विकायला काढली आणि महिन्याभरात जागा रिकामी करायला सांगितलं. तीन मैलांवर दुसरा तबेला मिळाला. पण करारात कलम होतं की मालकिणीच्या परवानगीशिवाय तट्टू हलवायचं नाही. एरवी झुलीवरून दिवसात चार संदेश पाठवणाऱ्या बाई आता गप्प. मग प्रश्नांची सरबत्ती : कुंपण लाकडी की तारेचं? शेजारी घोडे कोणते? घोडी आहे का? असल्यास स्वभावाने कशी? एका सुनेच्या स्थळासाठी एवढी चौकशी होत नसेल.

परवानगी आली, तर नवा तबेलावाला पासपोर्ट मागायला लागला. होय, तिकडे तट्टाला पासपोर्ट लागतो. त्यात अंगावरच्या खुणांचं चित्र, चिपचा क्रमांक, टोचलेल्या लशी, शिवाय हा प्राणी माणसाने खाण्यासाठी आहे की नाही याचाही रकाना असतो. (बिस्किटला वाचता येत नाही हे बरंय.) कायद्याने हा पासपोर्ट जनावर सांभाळणाऱ्याजवळ हवा. तो होता दुबईत, कपाटात, 'हरवू नये म्हणून'. तट्टाने आयुष्यात सॉमरसेट सोडलं नव्हतं, त्याचा पासपोर्ट मात्र आखाती देशात स्थायिक झाला होता.

मैत्रीण कंटाळली आणि म्हणाली, विकतच द्या. 'बिस्किटला विकायचं? तो घरचा माणूस आहे!' असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी घरच्या माणसाची किंमत आली : अडीच हजार पौंड. दोन वर्षांपूर्वी हेच तट्टू लगाम दिसला की पळायचं, कुणी फुकट नेलं तर बाई देवाला नारळ वाढवणार होत्या. आता कशाचे एवढे? 'अगं, आता तो किती शहाणा झालाय!' शहाणा करणाऱ्या शिक्षिकेची फी मैत्रिणीने भरली होती, हे बाईंच्या लेखी तट्टाचे अंगचे गुण.

घासाघीस झाली. एकवीसशेवर तुटलं. शिवाय दर रविवारी फोटो, आणि पुढे कधी विकायचा झाला तर पहिला हक्क बाईंचा. पैसे गेल्यावर पासपोर्ट कुरियरने आला. तीस दिवसांत त्यावर नवीन मालकाचं नाव घालून घ्यावं लागतं, म्हणून मैत्रिणीने मालकाचं पान उघडलं. तिथे नाव तिसऱ्याच कुणा बाईचं होतं.

तिने तिथूनच दुबईला फोन लावला. 'अगं हो,' बाई म्हणाल्या, 'माझं नाव लावायचं राहूनच गेलं बघ. त्यांना विचार ना तूच. चांगल्या आहेत स्वभावाने. हल्ली न्यूझीलंडला असतात.'