जोखीम वाचकाची

विमाव्यवसायाच्या मध्यवर्ती संघटना लोकशिक्षणार्थ जी माहिती प्रसृत करतात, तिच्या तळाशी बारीक अक्षरांत जोडलेल्या शर्ती चिकाटीने वाचल्यास बहुधा असे आढळते की, ही माहिती अचूक, पूर्ण वा अद्ययावत असल्याची हमी कोणी देत नाही, ती ‘जशी आहे तशी’ स्वीकारावी, तिच्यावर विसंबून काही नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी सर्वस्वी वाचकाची, आणि खुद्द या शर्तीही पूर्वसूचनेवाचून केव्हाही बदलतील. हप्ता घेऊन दुसऱ्याच्या आगीची, चोरीची आणि मृत्यूची जोखीम शिरावर घेणाऱ्या या धुरीणांना स्वतःच्या चार वाक्यांची जोखीम तेवढी पेलवत नाही!

प्रस्तावपत्र भरणाऱ्या गरीब इसमाची गोष्ट निराळी. वडील कोणत्या विकाराने आणि कितव्या वर्षी वारले इथपासून स्वतःच्या तंबाखूपर्यंत सारे त्याने परम सद्भावाने कथन करावे, खाली दस्तखत करावे, आणि एखादे जुने दुखणे सांगायचे राहिले तर वारसांचा दावा खारीज होण्याची तयारी ठेवावी. १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ४५ त्याला अभय देते, पण तीन वर्षे लोटल्यावर. या सद्भावाचा दाखला ज्या ‘कार्टर विरुद्ध बोहम’ खटल्यातून देतात, त्यात १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तो उभय पक्षांवर सारखाच बंधनकारक ठरवून, सुमात्रातील किल्ल्याचा विमा उतरवणाऱ्या कार्टरसाहेबांच्याच पदरात निकाल टाकला होता, हा तपशील मात्र माहितीपत्रकांत सहसा येत नाही. आलाच, तर त्याच्याही अचूकतेची हमी नसेल.