बिनस्टँडची सायकल

बारामतीत ‘साहेब’, ‘दादा’ आणि ‘ताई’ ही संबोधनं केव्हाच वाटून झाली. इंदापूरकडे वळावं, तर तिथं ‘मामा’ आणि ‘भाऊ’ही शिल्लक नाहीत. त्यामुळे या दोन तालुक्यांत ज्याला चार लोकांत उठून दिसायचं आहे, पण निवडणुकीला उभं राहण्याइतकी हिंमत किंवा जमीन नाही, त्याच्या वाट्याला ‘सर’ एवढंच उरतं. सायकलवाले सर हे त्यांतले. ते कुठल्या शाळेत शिकवतात, हे कुणी विचारत नाही. एखाद्या गावी हे सर दातांचे डॉक्टर असतात, एखाद्या गावी कर सल्लागार, कुठे खताचे डीलर. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, दारात चारचाकी, जिन्याखाली दोन दुचाक्या आणि हॉलमध्ये सोफ्यामागे भिंतीला टेकवलेली सायकल.

सायकल हॉलमध्ये असते, कारण तिची किंमत ऐंशी हजार आहे. आणि ती टेकवलेली असते, कारण तिला स्टँड नाही.

सर सायकलीकडे वळले ते रक्ताच्या रिपोर्टामुळे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती, एवढ्या कारखान्यांच्या टापूत जन्म काढलेल्या माणसाच्या रक्तात साखर निघाली, याचं खरं तर कुणाला आश्चर्य वाटायला नको होतं. सरांना वाटलं. डॉक्टर म्हणाले, चाला. चालणं हे सरांना फारच खाजगी वाटलं. चालणाऱ्या माणसाला ना गणवेश, ना हेल्मेट, ना अध्यक्षपद. ते पुण्याला गेले आणि सायकल घेऊन आले. तिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. वजन कमी राहावं म्हणून हे सगळं नसतं, असं सर समजावून सांगतात, तेव्हा ऐकणारे सरांच्या पोटाकडे बघत नाहीत. बारामतीकर तसे सभ्य आहेत.

सायकल आली आणि महिन्याभरात सरांच्या लक्षात आलं, की नुसतं चालवून भागणार नाही, लोकांनाही चालवायला लावलं पाहिजे. दर व्यसनमुक्त माणसाला हा टप्पा येतो. क्लब निघाला. ग्रुप निघाला. टी-शर्ट निघाले, त्यांवर मागे दोन प्रायोजक आणि पुढे ‘रोज सायकल’. ग्रुपवर आज दोनशेवर माणसं आहेत. त्यांतली सगळी पहाटे पाचला ‘सुप्रभात’ म्हणतात आणि साडेपाचला तीन हत्ती चौकात सहा-सातजण दिसतात. उरलेल्यांचे अंगठे मात्र नियमित येतात.

रविवारची मोहीम बहुधा भिगवणला असते. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित येतात. पक्षी बघायचे, पर्यावरणाचा संदेश द्यायचा आणि परतायचं, असा कार्यक्रम ग्रुपवर जाहीर होतो. प्रत्यक्षात पक्ष्यांना पाच मिनिटं मिळतात आणि भिगवणच्या मच्छी थाळीला सव्वा तास. जाताना जळलेलं सगळं तिथंच भरून निघतं, वर थोडं शिल्लक राहतं. परतीला ऊन चढलेलं असतं, आणि मग कुणाच्या तरी घरून छोटा हत्ती मागवला जातो. त्यात सायकली आडव्या टाकायच्या आणि माणसं उभी करायची. हे फोटो मात्र ग्रुपवर येत नाहीत.

कारखाने सुरू झाले की मोहिमेत शौर्याचा भाग वाढतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून बाहेर लोंबणारा ऊस, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही आणि पुढे ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर. या जोडगाडीच्या बाजूनं अंधारात सायकल काढणं ही गंमत नाही, आणि इथं सरांची चेष्टा करावी असं मलाही वाटत नाही. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचं काम त्यांनी एका हंगामात खरोखर केलं. कारखान्याच्या गव्हाणीपुढे नंबर लागून थांबलेल्या प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलांच्या टायरगाड्यांना स्वतःच्या हातानं पट्ट्या चिकटवल्या. ऊसतोडीच्या बायका विचारत होत्या, ‘काय पार्टीचं हाय का?’ सर ‘नाही’ म्हणाले, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

पण सरांचा खरा जीव आहे आम्स्टरडॅममध्ये. सहकुटुंब युरोप सहलीत त्यांना ते शहर अर्धा दिवस, तेही बसच्या काचेतून दिसलं. तेवढ्यात त्यांचं कायमचं नुकसान झालं. आता कुठल्याही शाळेत पाहुणे म्हणून गेले, की ते सांगतात : नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. हे खरंच आहे. तिथंही पूर्वी मोटारींचीच चलती होती, हेही ते सांगतात. १९७०च्या दशकात रस्त्यावर मुलं मरायला लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि मग सायकलींना वेगळा रस्ता मिळाला, हेही सांगतात. भाषण चांगलं होतं. मग ते पडद्यावर तिथले फोटो दाखवतात. एका शाळेत मागच्या बाकावरच्या पोरानं हात वर केला. म्हणाला, ‘सर, यांच्या सायकलींला कॅरियर हाय, मडगार्ड हाय, श्टँड हाय. ह्या तर आमच्या आज्याच्या सायकलीगत हायेत.’ सरांनी पुढचा फोटो लावला.

त्याच आम्स्टरडॅमच्या एका संस्थेनं शहराशहराला ‘सायकल महापौर’ नेमायची टूम काढली. पहिल्या महापौर २०१६ साली आम्स्टरडॅमच्याच झाल्या, आणि वर्षभरात ते लोण बडोद्यापर्यंत आलं. सरांना ही बातमी कळली त्या रात्री ते झोपले नाहीत. अडचण एकच होती. बारामतीला नगरपरिषद आहे, महापालिका नाही. म्हणजे माणसांना नगराध्यक्ष आणि सायकलींना महापौर असा प्रकार होणार. ‘प्रोटोकॉलमध्ये मोठं कोण?’ असा प्रश्न एका हितचिंतकानं काढला. त्यावर दोन बैठका झाल्या. नगराध्यक्षांना काय वाटेल, या चिंतेनं अखेर तो अर्ज सरांच्या ड्रॉवरमध्येच राहिला. तेव्हापासून कुणी चेष्टेनं ‘महापौर’ म्हटलं, तर सर ‘छे छे’ म्हणतात, पण जरा वेळानं म्हणतात.

इंदापुरात शाखा काढायची ठरली, तेव्हा वेगळीच गाठ पडली. बारामतीपासून इंदापूर पन्नासेक किलोमीटर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीला आधी आणि इंदापूरच्या टेलला शेवटी, उरलं तर, ही तिथली जुनी सल. सरांनी सभेत मोठ्या उत्साहानं सांगितलं, की ही चळवळ बारामतीत तीन वर्षं चालू आहे आणि आता इंदापुरात येत आहे. मागून आवाज आला, ‘म्हंजे हीपण टेललाच!’ सभा हसली, पण शाखा काही निघाली नाही. पुढे इंदापूरकरांनी आपला स्वतंत्र ग्रुप काढला आणि पहिली राईड मुद्दाम बारामतीच्या उलट दिशेनं, नीरा नरसिंहपूरच्या संगमावर नेली.

वर्षातून एकदा मात्र सरांचं स्वप्न आपोआप खरं होतं. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, काटेवाडी, सणसर, बेलवाडीवरून इंदापूरकडे निघते आणि सगळी वाहनं वळवली जातात. जग २२ सप्टेंबरला एक दिवस मोटारीविना पाळतं, आपल्याकडे हा पालखी सोहळा १६८५ पासून चालू आहे, असं सर त्या दिवसांत भेटेल त्याला सांगतात. एका वर्षी वारकऱ्यांत मिसळावं म्हणून ते सायकल हातात धरून निघाले. गर्दीत चालवता येईना आणि स्टँड नसल्यानं सोडताही येईना. काटेवाडीच्या अलीकडे एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, ‘माउली, पंक्चर झालीय व्हय?’ सर म्हणाले, ‘नाही आजी, चांगली आहे.’ आजींनी थोडा विचार केला. ‘मग बसत का न्हाई? आन् बसायचं न्हाई तर आनली कशाला?’ सरांनी हसून टाळ मागितले. हात मोकळा नव्हता, म्हणून वाजवता आले नाहीत.

रोजच्या वापराचं म्हणाल, तर बारामती त्यासाठी देवानंच सपाट केलेलं गाव आहे. एका टोकाहून दुसरं टोक चार-पाच किलोमीटर. मधून कालवा वाहतो. सर हे सगळ्यांना पटवतात आणि भाजी आणायला स्कूटर काढतात. मॅडमनी एकदा विचारलं, ‘अहो, मंडईला सायकलनं का जात नाही?’

‘अगं, पिशवी कुठं अडकवू? आणि लावू कुठं? ऐंशी हजाराची वस्तू आहे ती!’

‘मग ही घेतली कशासाठी?’

‘सायकलच्या प्रचारासाठी.’

या उत्तरावर मॅडम काही बोलल्या नाहीत. याच गावाच्या एमआयडीसीत २०१२ पासून व्हेस्पा बनते आणि तीनचाकी त्याआधीपासून, पण तिथल्या फाटकांवर पाळी सुटताना उभं राहिलं, तर अजूनही सायकली निघताना दिसतात. काळ्या, उंच, डब्याची पिशवी हँडलला अडकवलेल्या. पेपरवाले, वॉचमन, धुण्याभांड्याच्या मावश्या, शाळेच्या मुली. यांना सरांनी कधी ‘सायकलिस्ट’ म्हटलेलं ऐकिवात नाही. सरांच्या हिशेबी सायकलिस्ट म्हणजे ज्याला सायकल न चालवण्याची सोय आहे तो.

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ साली ठरवला. २०२०च्या त्याच तारखेला अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. सर अजूनही दर ३ जूनला आधी शुभेच्छा देतात आणि मग त्या कारखान्याची आठवण काढून हळहळतात. एका वर्षी या दिनानिमित्त त्यांनी ‘महिनाभर रोज सायकल’ स्पर्धा घेतली. नोंद मोबाइलच्या अ‍ॅपवर व्हायची. पहिलं बक्षीस प्रायोजकानं दिलं. प्रायोजक गाड्यांचा शोरूमवाला होता, त्यामुळे बक्षीस होतं विजेवरची स्कूटर. यात काही विसंगती आहे, हे तेव्हा समितीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. विजेवरची म्हणजे पर्यावरणाचीच, असं ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात यादीच्या वर एक अनोळखी नाव चढलं आणि खाली येईना. पहाटे पावणेसहाला अकरा किलोमीटर, दुपारी साडेतीनला पुन्हा अकरा. वेग तासाला तेरा. पाऊस असो, वारा असो, खाडा नाही. आठवड्यातून एकच दिवस विश्रांती. ग्रुपवर खळबळ उडाली. हा पुण्याचा कुणी व्यावसायिक खेळाडू असावा, असा एक तर्क निघाला. ‘लो इंटेन्सिटी ट्रेनिंग आहे. एक दिवस रिकव्हरी घेतोय बघा,’ असं क्लबातल्या जाणकारानं सांगितलं. सरांना त्याच्या कोचचं नाव हवं होतं.

बक्षीस समारंभाला काटेवाडीकडचे एक काका आले. एमआयडीसीत पहिल्या पाळीला. फोन लेकीचा, ती रोज पहाटे अ‍ॅप चालू करून डब्याच्या पिशवीत चपात्यांखाली ठेवायची. सायकल बावीस-तेवीस वर्षांची, दोनदा टायर-ट्यूब आणि एकदा फ्रीव्हील बदललेली. काकांनी ती सभागृहाच्या दारात स्टँडवर लावली, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. सरांनी माईक पुढे केला.

‘काका, रोज सायकल चालवण्याची प्रेरणा तुम्हाला कुणाकडून मिळाली?’

‘एसटीकडनं,’ काका म्हणाले. ‘पाळी सातची आन् एसटी साडेसातची.’

टाळ्या पडल्या. हार, नारळ, मोठी पुठ्ठ्याची किल्ली, फोटो. काकांना स्कूटर फार आवडली. दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरनं कामाला जाऊ लागले, आणि बारामती तालुक्यातला सर्वांत नियमित सायकलस्वार सरांच्या चळवळीनं रस्त्यावरून उठवला.

सर आठवडाभर अस्वस्थ होते. मग कळलं, की ती जुनी सायकल वाया गेली नाही. काकांनी सीट खाली करून, पुढे बास्केट बसवून लेकीला दिली. ती आता त्यावर ज्युनिअर कॉलेजला जाते. सरांनी त्याच संध्याकाळी वर्तमानपत्रांना बातमी दिली : ‘स्पर्धेमुळे सायकल वापरणाऱ्या महिलांच्या संख्येत वाढ.’

पोरीलाही ग्रुपवर घेतलं. ‘सुप्रभात’च्या रांगेत तिचा पहिलाच संदेश आला : ‘सर, कॉलेजात गाड्यांना शेड आहे, सायकलला जागाच नाही. अर्ज कुणाला द्यायचा?’ ग्रुपवर इतका कामाचा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नव्हता. शंभरावर अंगठे आले. सरांनी अर्ज स्वतः लिहिला, टाईप करून घेतला, त्याला आम्स्टरडॅमचे दोन फोटो जोडले आणि प्राचार्यांना द्यायला स्वतःच निघाले. तिथं सायकल टेकवायला भिंत नाही, हे ठाऊक होतं, म्हणून स्कूटरनं गेले.