महामार्गावरचा जिताडा : होतकरू हॉटेलमालकांसाठी नियमावली

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथून पार जळगावापर्यंत ज्याने म्हणून शेवभाजीच्या जिवावर दोन मजले चढवले, त्याला आता मेन्यूकार्डात ‘ग्रिल्ड सी बास’ हवा झाला आहे. अशा समस्त शेठलोकांसाठी (त्यातही एका शेठसाठी, ज्यांचे नाव घेतले तर आमची उधारी बंद होईल) ही नियमावली सादर आहे.

नियम १ : मासा ओळखावा. अलिबाग-पेणकडे जिताडा म्हणतात तो हाच. तिकडे दारच्या तळ्यात पाळतात आणि अडलेल्या कामासाठी साहेबाच्या घरी पोचवतात, अशी त्याची ख्याती. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली त्याचे बीज तयार केले. म्हणून १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असली, तरी पाळलेला जिताडा मिळू शकतो. हा मासा लहानपणी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो. ही माहिती वेटरला देऊ नये. तो टेबलाटेबलावर सांगत बसेल आणि ऑर्डरी राहतील.

नियम २ : अख्खा घ्यावा, कातडीसकट. सोललेले पांढरेशुभ्र तुकडे स्वस्तात मिळाले, की ते बहुधा ‘बासा’ नावाच्या दुसऱ्याच माशाचे असतात. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. वास समुद्राचा यावा, माशाचा नव्हे. आमचे शेठ मात्र भाव दाबतात, मासा दाबत नाहीत.

नियम ३ : खोका उघडू नये. या नियमावर आमचे आयुष्य खर्ची पडत आहे. मासा येतो थर्माकोलच्या खोक्यात, माशाच्या वजनाइतक्या बर्फात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर. अशात शेठ खोका गल्ल्याजवळ ठेवतात आणि येईल त्याला उघडून दाखवतात. तलाठी आले, दाखव. व्याही आले, दाखव. गॅसवाला आला, त्यालाही दाखव. तो बिचारा शाकाहारी. प्रत्येक दर्शनाला बर्फ वितळतो, आणि वितळल्या पाण्यात मासा डुंबला की मांस लिबलिबीत होते. खोका थेट आत न्यावा. तळाला भोक ठेवून पाणी वाहू द्यावे, वरून नवा बर्फ घालावा, मासा ० ते ४ अंशांत राहील असे बघावे. गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. बादलीत टाकून वर नळ सोडणे म्हणजे वितळवणे नव्हे, धुणे भिजवणे होय.

नियम ४ : श्रावणात मागवू नये. कारण विचारू नये.

नियम ५ : हिशेब आधी करावा. खवले, डोके, काटा गेल्यावर अख्ख्या माशातून निम्म्याहूनही कमी मांस हाती येते. म्हणजे तुकड्याचा भाव खरेदीच्या दुपटीहून जास्त धरायचा. शेठ किलोला किलो धरतात आणि महिनाअखेरीस आचाऱ्याकडे संशयाने बघतात.

नियम ६ : रांधणे. पाठीवरचे काटे आधी कात्रीने उडवावेत, नाहीतर आचारी दवाखान्यात. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढावेत. कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ नखाने खरवडून टाकावी, कडवटपणा तिथेच असतो. कातडी फडक्याने कोरडी करावी, मीठ लावावे, तवा तापला की कातडीची बाजू खाली. मग हात मागे बांधून उभे राहावे. बहुतेक शिजणे त्याच बाजूवर होऊ द्यावे आणि उलटल्यावर मिनिटभरात उतरवावे. नाहीतर रावेर-यावलच्या केळीचे पान आयते आहे. लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची वाटून लावावी आणि पानात गुंडाळून वाफवावा.

एवढे सगळे जमले, बशी टेबलावर गेली, तर पाहुण्याने पांढऱ्या तुकड्याकडे बघून विचारले, “भाऊ, हाऊ मासा शे का पनीर शे?” शेठ तत्परतेने आले आणि वर वाटीभर काळा रस्सा ओतून गेले. पाहुणा खूश.

आता राग बाजूला ठेवून सांगतो. शेठचा रस्सा आहेच तसा. कांदा निखाऱ्यावर काळा होईतो भाजलेला, सुके खोबरे, लसूण, दगडफूल, वर बोटभर तर्री. हतनूरच्या धरणातला कटला त्यात पडला की काटे काढत काढत माणूस चार भाकरी खातो. त्या रश्श्यापुढे जिताड्याची गोडी कुठे लागणार? पण कार्डात सी बास पाहिजे, कारण नाशिकच्या मेहुण्याच्या कार्डात आहे.

नियम ७ : डोके फेकू नये. खाणारे जिताड्याचे डोकेच आधी मागतात. कल्ले काढून, मधोमध चिरून ते शेठच्याच रश्श्यात सोडावे आणि पळी न घालता, पातेले नुसते हलवून दहा मिनिटे शिजवावे. हा पदार्थ कार्डात छापू नये. रात्री शटर ओढल्यावर कळण्याच्या भाकरीबरोबर आचारी, वेटर आणि नियमावलीकार यांनी वाटून घ्यावा. शेठना त्या वेळी गल्ला मोजायला बसवावे.